मेमरीचा मामा

डोंबिवलीला एक मामा राहतात. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण सवयीने अजूनही सकाळी साडेसातला टेबलाशी बसतात आणि लॅपटॉपचं बटण दाबतात. मग उठतात. दूध तापवतात, चहा करतात, पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसतात. आडवे शब्द संपून उभे सुरू झाले की पडद्यावर खिडकीचं चिन्ह उगवतं. "अहो, उठला का तो?" असं मामी आतून विचारतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाबद्दल विचारावं तशा सुरात.

लॅपटॉप २०१८ चा. आठव्या पिढीचा कोअर आय५, चार जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. त्या वर्षी मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणारे बहुतेक लॅपटॉप याच मापाने शिवलेले असायचे. दुकानदार 'आय५' मोठ्याने म्हणायचा, 'एक टीबी' त्याहून मोठ्याने म्हणायचा आणि 'चार जीबी' म्हणताना खोकायचा.

या संथपणावरचा उपाय आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. सोसायटीचे सेक्रेटरी, लग्नात शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थ, केस कापणारा, सगळे एकच सांगतात: "रॅम वाढवून घ्या." मराठी घरांत पूर्वी पोरगं पाढे विसरलं की रात्री बदाम भिजत पडायचे. रॅम वाढवा हा त्याच सल्ल्याचा नवा अवतार. बदामाने कुणाचे पाढे सुधारल्याचा पुरावा नाही. रॅमचं मात्र तसं नाही, ती खरोखर लागू पडते. फक्त कुठली, किती आणि कुठे हे कळलं पाहिजे. तिथेच मामा अडतात.

मामांना भीती एकाच गोष्टीची वाटते, कुणीतरी आपला मामा करेल याची. फसलेल्या माणसासाठी काका, मेहुणा, आजोबा अशी सगळी नाती मोकळी असताना मराठीने नेमका मामाच का निवडला, कोण जाणे. महाभारतात मामा फसवतो, मराठीत मामा फसतो. डोंबिवलीच्या मामांचा यात एक जुना अनुभवही आहे. २०११ साली घरात विंडोज ७ चा लॅपटॉप होता. त्यात त्यांनी हौसेने जास्तीची मेमरी घालून एकूण सहा जीबी केली. पडद्यावर वापरण्याजोगी दिसली तीन जीबीच्या जरा वर. मामांनी दुकानदाराला चोर ठरवला. दुकानदार निर्दोष होता. विंडोजच ३२ बिटांची होती, आणि घरगुती ३२ बिटी विंडोजला चार जीबीपलीकडचं दिसतच नाही. त्या चारांतलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर यंत्रसामग्रीच्या पत्त्यांसाठी अडून राहतो. तीन खोल्यांच्या ब्लॉकवर चौथी खोली बांधावी आणि तिला दार ठेवायचं राहून जावं, तसा तो प्रकार.

या वेळी मात्र मामांनी घरातली तज्ज्ञ गाठली. त्यांची भाची पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. तिने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, मेमरी किती आहे?"

"एक टीबी," मामा अभिमानाने म्हणाले.

हा घोळ फक्त मामांचा नाही. बोलीभाषेत 'मेमरी' हा शब्द दोन सवतींमध्ये विभागला गेला आहे. मोबाइलच्या दुकानात तर 'आठ अधिक आठ जीबी रॅम' अशी पाटी सर्रास दिसते. त्यातले पहिले आठ खरे असतात आणि दुसरे आठ साठवणुकीतून उसने घेतलेले असतात. भाचीने मग घरातलीच भाषा वापरली. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. माळ्यावर जुनी पितळी भांडी, दिवाळीचा कंदील, कुणाची तरी सायकल, सगळं अनंत काळ राहू शकतं. पण स्वयंपाक ओट्यावरच होतो. ओटा छोटा असेल आणि भाजी, कणीक, कुकर, डबे सगळं एकदम आलं, तर अर्धी चिरलेली भाजी स्टुलावर चढून माळ्यावर ठेवावी लागते, कणीक मळून झाली की कणीक वर आणि भाजी खाली. संगणक नेमकं हेच करतो. रॅम भरली की चालू कामातला काही भाग डिस्कवरच्या एका फायलीत ठेवतो आणि लागला की परत आणतो. मामांचा लॅपटॉप सकाळभर हीच स्टुलावरची चढ-उतर करत असतो, आणि स्टूलही डुगडुगता आहे.

मामींना हे एका वाक्यात समजलं. ओटा तीन फुटांचा असून त्यावर वीस माणसांचा स्वयंपाक करायची त्यांना सवय होती.

आता या ओट्याची गंमत अशी की तो विसराळू असतो. आपण जिला रॅम म्हणतो ती डायनॅमिक रॅम आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. पेटंट १९६८ सालचं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. इतकं सोपं आणि स्वस्त. इंटेलने १९७० मध्ये ११०३ नावाची डायनॅमिक रॅमची चिप काढली आणि चुंबकी कड्यांची जुनी मेमरी बघता बघता अडगळीत गेली. त्या चिपमध्ये १०२४ बिट मावत. मामांच्या चार जीबीत अशा साडेतीन कोटींच्या आसपास चिपा बसतील. पण डेनार्ड यांच्या कपॅसिटरला एक खोड आहे, तो गळतो. त्यामुळे डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये प्रत्येक बिटाला दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तू कोण आहेस याची आठवण करून द्यावी लागते. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट वेळा. मामा कोथिंबीर आणायला निघाले की मामी दारातून एकदा, जिन्यातून एकदा आणि गॅलरीतून एकदा कोथिंबीर म्हणतात, तत्त्व तेच. वीज गेली की आठवण करून देणारं कुणी उरत नाही, आणि सेव्ह न केलेलं पत्र गेलं ते गेलंच.

इतकं ऐकल्यावर मामांनी स्वतःच्या हिमतीवर खरेदी केली. ऑगस्ट २०२५, गणपतीचे दिवस, ऑनलाइन सेल. 'आठ जीबी डीडीआर४' एवढं वाचून त्यांनी बटण दाबलं. खोकं आलं तेव्हा घरात मखर होतं, त्यामुळे ते मखराच्या मागे ठेवलं गेलं आणि अनंत चतुर्दशीला मखर हललं तेव्हा सापडलं. तोवर परत करायची मुदत संपली होती. आत होती ती पट्टी सुंदर होती. लांबी सवा पाच इंच, खाली २८८ सोनेरी पिना. लॅपटॉपमध्ये बसणारी पट्टी असते पावणेतीन इंचांची, २६० पिनांची. मामांनी डेस्कटॉपची रॅम आणली होती. "त्याच पैशांत मोठी मिळाली," असं ते पहिले दोन दिवस म्हणत होते.

लॅपटॉपच्या धाकट्या पट्टीला एसओ-डिम म्हणतात. तिच्यातही पिढ्या आहेत आणि पिढ्यांचं एकमेकींशी पटत नाही. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी कापलेली असते, म्हणजे जोर लावूनही चुकीची पट्टी बसू नये. (जोर लावणारे तरीही असतात, आणि दुरुस्तीची दुकानं त्यांच्यावर चालतात.) व्होल्टेजही पिढीगणिक उतरत गेलं: डीडीआर३ ला दीड व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. मधेच डीडीआर३एल नावाची १.३५ व्होल्टवर भागवणारी एक काटकसरी बहीण आहे. २०१४-१५ च्या सुमाराचा लॅपटॉप असेल तर त्याला बहुधा तीच लागते, साधी डीडीआर३ तो नाकारू शकतो. जुन्या लॅपटॉपसाठी मेमरी घेताना या एका 'एल' वरून घसरायला होतं.

भाचीने मग व्हिडिओ कॉलवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला लावली. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे एकूण किती, वापरात किती, वेग किती आणि 'दोनपैकी एक स्लॉट वापरात' असं सगळं लिहिलेलं असतं, फुकट, दुकानात जाण्याआधी. लाखो लोकांच्या लॅपटॉपमध्ये ही माहिती वर्षानुवर्षं पडून असते आणि ते केस कापणाऱ्याला विचारत बसतात.

एक गफलत मात्र तिथेही होते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये काही मेमरी मदरबोर्डवरच डाखलेली असते आणि विंडोज तिलाही कधी कधी स्लॉट म्हणून मोजते. आणि काहींमध्ये तर सगळीच डाखलेली. शेजारच्या काकांचा लॅपटॉप असाच आहे, फाइलीत घालून नेता येईल इतका सडपातळ. तो उघडून आत काहीही वाढवता येत नाही. ही चाल पाडण्यात ॲपलचा मोठा हात. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम डाखलेली होती, आणि २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्येही. मग इतरांनी कित्ता गिरवला. अशा लॅपटॉपची मेमरी निवडायची वेळ आयुष्यात एकदाच येते, विकत घेताना. तिथे आठ घेतले तर आठांतच संसार. अलीकडे एलपीकॅम२ नावाचा स्क्रूने बसवायचा नवा प्रकार आला आहे. पातळ तर पातळ, पण बदलता येईल असा. २०२४ मध्ये लेनोवोच्या एका थिंकपॅडमध्ये तो दिसला. शेजारच्या काकांना त्याचा उपयोग नाही, पण त्यांनी नाव लिहून घेतलं आहे.

मामांच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा निघाला. त्या दिवशी घरात श्रीखंड झालं.

आता किती घ्यावी? मामांनी हिशोब मांडला. आहेत चार, आणखी चार घेतले तर आठ, आठ घेतले तर बारा, सोळा घेतले तर वीस. मामांना वीस खटकले. आहेर करायचा तर अकरा, एकवीस, एकावन्न. वीस ही काय रक्कम झाली? पण मेमरीच्या जगाला वरचा एक रुपया ठाऊक नाही. तिथे दुपटीचा पाढा चालतो: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. डीडीआर५ आल्यावर २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या निघाल्या, त्यांनी पाढा मोडला, शकुन मात्र तरीही साधला नाही.

वापराचं म्हणाल, तर मामा करतात काय? पेन्शनचं पान, सोसायटीचा हिशोब, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि क्रोममध्ये एकदा उघडलं की कधीही न मिटलेले चाळीस टॅब. त्यात २०१९ च्या अष्टविनायक सहलीच्या चौकशीचाही एक. विंडोज ११ किमान चार जीबीवर चालते असं मायक्रोसॉफ्ट सांगते. 'चालते' याचा अर्थ इथे आजारातून उठलेला माणूस घरातल्या घरात चालतो, तसा घ्यायचा. याच मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ चार एमबीत सुरू व्हायची, म्हणजे भूक हजारपट झाली. घरगुती कामाला आज आठ हा तळ, सोळा म्हणजे ऐसपैस, आणि त्याच्या वर जायचं ते व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी किंवा ज्यांचा पगारच लॅपटॉपवर आहे त्यांनी. मामांना बारा पुरेत, असा भाचीने निकाल दिला.

"पण एक चाराची आणि एक आठाची चालेल का?" मामांनी विचारलं. रास्त शंका. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो. ही बैलजोडी. एक बैल उंच आणि एक बुटका असला तरी गाडी अडत नाही: इंटेलच्या प्रोसेसरमध्ये चार आणि आठ असले तर चार-चार मिळून आठ जीबी जोडीने ओढतात आणि उरलेले चार एकट्याने. मात्र वेग ठरतो तो मंद बैलाचा. एक पट्टी ३२०० ची आणि दुसरी २४०० ची असली तर दोघी २४०० ने चालतात. इथे तर मामांचा प्रोसेसरच २४०० च्या पुढे जात नाही. त्यामुळे ३२०० वाली घेतली तरी ती निमूट २४०० ने चालेल, बिघडणार काहीच नाही. ३२०० साठी जास्त पैसे मोजू नयेत, एवढंच.

त्या आकड्यांतही एक चतुराई आहे. २४०० ला लोक मेगाहर्ट्झ म्हणतात, पण घड्याळ प्रत्यक्षात १२०० चंच. दर ठोक्याच्या चढावर एकदा आणि उतारावर एकदा असा दोनदा माल पोचवला जातो म्हणून दुप्पट आकडा. डीडीआरमधला 'डबल' तो हाच. मामा सकाळी फिरायला जाताना दोन किलोमीटर जातात, दोन येतात आणि चार सांगतात. त्यांना हे तत्काळ पटलं.

नोव्हेंबरात मामा लॅमिंग्टन रोडला निघाले. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. सोबत भाचीने लिहून दिलेली चिठ्ठी, जुन्या पट्टीचा फोटो आणि घरून आणलेली पाण्याची बाटली. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला तसं सांगून पाहावं. मेमरीलाही अशीच दोन नावं असतात. डीडीआर४-२४०० आणि पीसी४-१९२०० ही एकाच मालाची नावं. पहिल्यात मालाच्या खेपा मोजल्या आहेत, दुसऱ्यात सेकंदाला किती मेगाबाइट जातात ते; पहिल्याला आठाने गुणलं की दुसरं मिळतं. दुकानदार दुसरा आकडा सांगून 'ये उससे फास्ट है' म्हणाला तर गुणाकार करून बघावा.

मामांना या रस्त्याची वेगळीच आठवण. इथल्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षं हलला नाही. मामांनी तो तिथेच पाहिला. तिकीट कुणी काढलं, मधल्या सुट्टीत काय खाल्लं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, सगळं त्यांना आठवत होतं. चिठ्ठी कुठल्या खिशात ठेवली ते मात्र आठवेना.

"अंकल, डीडीआर कौनसा?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. तेवढ्यात चिठ्ठी सापडली. मामांनी परीक्षेतल्यासारखं वाचून दाखवलं. मुलाने एक पट्टी पुढे टाकली. लेबलावर लिहिलं होतं: आठ जीबी, वन आर एक्स एट, पीसी४, ३२००, पुढे एस. मामांनी चष्मा वर करून उतारा केला: एका रांगेतल्या, आठ-आठ बिटांच्या चिपा, डीडीआर४ जात, आणि एस म्हणजे लॅपटॉपची धाकटी. मुलगा चकित झाला. त्याच्याकडे येणारी माणसं सहसा लेबल वाचत नाहीत, रंग विचारतात.

मग त्याने भाव सांगितला आणि चकित व्हायची पाळी मामांची आली. ऑगस्टात त्या सवा पाच इंची पट्टीला दिले, त्याच्या दुपटीहून जास्त. "बढ़ रहा है अंकल, कल और बढ़ेगा," मुलगा म्हणाला. मामांना वाटलं, झाला आपला मामा.

झाला नव्हता. जगात रॅमच्या चिपा करणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. पट्टीवर नाव कुणाचंही असो, आतली चिप बहुतेक वेळा या तिघींपैकी एकीची. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी ओढली की कारखान्यांनी आपली ताकद त्या महागड्या मालाकडे वळवली. त्यातच डीडीआर४ चं उत्पादन या कंपन्या आधीपासूनच आवरतं घेत होत्या. डोंबिवलीच्या ओट्याची फरशी अमेरिकेतल्या यंत्रमानवाच्या बंगल्याला गेली, असं म्हणता येईल.

मामा नाशिक जिल्ह्यातल्या शाखेत चार वर्षं होते. त्यांना हे गणित लासलगावच्या कांद्यावरून ओळखीचं निघालं. भाव पडला की लागवड कमी, लागवड कमी झाली की भाव कडाडतो, कडाडला की सगळेच लावतात. मेमरीतही २०२३ साली माल इतका झाला होता की तिन्ही कंपन्यांनी उत्पादन कापलं. त्यात अपघात आणि साटंलोटं यांची भर असते. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वूशी इथल्या हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर रॅम महागली. त्याआधी काही कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवल्याचं अमेरिकेत सिद्ध झालं. २००५ मध्ये सॅमसंगने गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर दंड मान्य केला. कांद्याच्या व्यापाऱ्यांना एवढा दंड झाल्याचं मामांच्या ऐकिवात नाही.

मायक्रॉनचा एक कारखाना आता भारतातही येतो आहे, चिपांची जुळणी आणि चाचणी करणारा, असं भाचीने त्यांना फोनवर सांगितलं. कुठे, तर साणंदला.

"म्हणजे हाही गुजरातला गेला?" मामा म्हणाले.

खरेदी झाली. "बिल चाहिए?" या लॅमिंग्टन रोडच्या सनातन प्रश्नाला मामांनी ताठ मानेने होकार दिला आणि १८ टक्के जीएसटी भरला. बँकेतला माणूस होता. शिवाय पट्टीवर कित्येक वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलावरच उभी असते, तेव्हा हा होकार शहाणपणाचाही होता.

रविवारी भाची आली. लॅपटॉप पालथा घातला गेला. अकरा स्क्रू निघाले, त्यांतले दोन रबरी पायांखाली दडलेले. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते म्हणून ते ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडायचे असतात. मामींनी ते आवरून एका वाटीत ठेवले. झाकणाच्या कडेला मामांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घालून फिरवलं, आणि प्रत्येक कडकड आवाजाला मामांनी 'जपून' म्हटलं. आधी बॅटरीची तार काढायची. मग अंगातली स्थिर वीज उतरवण्यासाठी लोखंडी कपाटाला हात लावायचा. मुंबईच्या दमट हवेत ही वीज फारशी साचत नाही, पण कपाटाला हात लावायला पैसे पडत नाहीत.

जुनी पट्टी काढून तिच्या पिना खोडरबराने हलकेच पुसल्या. हा उपाय भारतातल्या प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात चालतो. सोन्याचा मुलामा पातळ असतो, म्हणून जोरात घासणाऱ्यांवर जाणकार डोळे वटारतात. पण हलक्या हाताने केलं तर मळ जातो. आयुष्यभर लिहिलेलं पुसण्यासाठी वापरलेल्या खोडरबराने स्मरणशक्ती परत येते, हे मामांना काही केल्या पचेना. नवी पट्टी तिरकी धरून खाचेला खाच लावून सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चापांनी 'टक' म्हटलं की बसली.

बटण दाबलं. पडदा काळा. दिवा पेटतो, पंखा फिरतो, पडदा काळा. घरात बाराव्याला असते तशी शांतता. नवीन मेमरी दिसल्यावर संगणक आधी तिची पारख करून घेतो. डीडीआर५ च्या यंत्रांत तर पहिल्या वेळी यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि धीर सुटलेली माणसं नेमकी त्याच वेळी वीज तोडतात. मामांच्या बाबतीत कारण साधं होतं: एका बाजूचा चाप बसलाच नव्हता. पुन्हा उघडून दाबल्यावर पडदा उजळला. टास्क मॅनेजरने बारा जीबी दाखवले. वाटीत एक स्क्रू उरला होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

चाळीस टॅब आता गुण्यागोविंदाने नांदू लागले. पण सकाळी बटण दाबल्यावर शब्दकोडं अजूनही उभ्या शब्दांपर्यंत पोचतंच होतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र शंभर टक्के व्यस्त. ओटा मोठा झाला होता, तरी सकाळी सगळं सामान माळ्यावरूनच खाली उतरवायचं होतं, आणि माळ्याचा तो डुगडुगता स्टूल म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे मारणारी जुनी हार्ड डिस्क. खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. फिरत्या डिस्कचा लॅपटॉप असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर ते आधी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपांच्या डिस्कवर, घालावेत, रॅमवर नंतर. भाचीने हे ऑगस्टातच सांगितलं होतं. मामांनी तेव्हा एसएसडी आणि रॅम एकच धरले होते.

एसएसडी बसली. आता लॅपटॉप चहाचं पाणी उकळायच्या आत उठतो. मामांची मोठी पंचाईत झाली आहे, शब्दकोडं कधी सोडवायचं ते कळत नाही.

राहिली ती सवा पाच इंची पट्टी. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशिअल' या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणं ती थांबवणार आहे. ती बातमी वाचल्यापासून मामा रोज सकाळी सोन्याच्या भावाबरोबर रॅमचाही भाव बघतात. म्युच्युअल फंडापेक्षा आणि मुदत ठेवीपेक्षाही या घरात जास्त परतावा चुकून आलेल्या त्या एका पट्टीने दिला आहे. ती आता लोखंडी कपाटात, मामींच्या पाटल्यांशेजारी ठेवलेली असते. भाची म्हणाली, विकून टाक. मामा म्हणाले, थांब, अजून चढेल.

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे डेस्कटॉप असेल तर कळवावं. आठ जीबी, डीडीआर४, २८८ पिना, एकदाही न वापरलेली. भाव त्या दिवशीचा राहील. बिल मिळेल.